आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही

"गोळ्या खाऊन खाऊन तोंडाची चव गेली, पण रक्त काही वाढंना बघ," परभणीची आमची मावशी मागच्या दिवाळीत म्हणाली. तिला आमवात आहे. सकाळी उठली की मनगटं आणि बोटांची पेरं सुजलेली असतात. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. लोहाच्या गोळ्या तीन महिने न चुकता चालू होत्या. तरी नळ आला त्या दिवशी चार हंडे भरले की ती बाजेवर आडवी व्हायची. शेजारणीने उतारा टाकायला सांगितला, कुणीतरी बीटाच्या रसाचा व्हिडिओ पाठवला, आणि घरातलंच एक माणूस म्हणालं, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" त्या वाक्याचा मला फार राग आला, म्हणून हे लिहितो आहे.

रक्त कमी म्हणजे लोह कमी, असं आपण शाळेत शिकलो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला आणि त्यामागे लोहाची कमतरता हे मोठं कारण आहे. पण मावशीसारख्या जुनाट सुजेच्या आजारात अंगात लोह असूनही रक्त बनत नाही. आडात असतं, पोहऱ्यात येत नाही.

हा हिशेब मला अतिशय आवडतो. प्रौढ माणसाच्या शरीरात ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. अन्नातून रोज जेमतेम १-२ मिलिग्रॅम आत शिरतं, पण नव्या तांबड्या पेशी घडवायला अस्थिमज्जेला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लागतं. मग उरलेलं येतं कुठून? जुन्यातून. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हातारी झाली की प्लीहेतल्या भक्षक पेशी तिला गिळतात, तिच्यातलं लोह काढून घेतात आणि परत रक्तात सोडतात. पेशीतून लोह बाहेर पडायला दार एकच, फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन. आतड्याच्या पेशींनाही हेच दार.

त्या दारावर हुकूम चालतो हेप्सिडिनचा. यकृतात बनणारं, अवघ्या २५ अमिनो आम्लांचं हे संप्रेरक या शतकाच्या सुरुवातीला सापडलं. ते दाराला नुसतं कुलूप लावत नाही. ते फेरोपोर्टिनला चिकटलं की पेशी दारच आत ओढून घेते आणि मोडून टाकते! लोह भक्षक पेशींत कोंडलं जातं. आतड्याच्या पेशींतलं लोहही तिथंच अडकतं. त्या पेशी काही दिवसांनी झडतात आणि ते शौचावाटे निघून जातं. गोळीतल्या लोहाची हीच गत होते.

शरीर असं का करतं? जंतूंना वाढायला लोह लागतं. संसर्ग झाला की इंटरल्युकिन-६ हा निरोप्या यकृतपेशीवर जाऊन बसतो, आत स्टॅट-३ नावाचं प्रथिन जागं होतं, ते केंद्रकात जाऊन हेप्सिडिनच्या जनुकाला चालना देतं, आणि शरीर जंतूंची रसद तोडतं. चार दिवसांच्या तापात हे शहाणपणाचंच आहे. आमवातात मात्र प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठलेली असते. जंतू नसतो, तरी निरोप वर्षानुवर्षं जात राहतो. हाच निरोप मेंदूलाही पोचतो, की हालू नकोस, पडून राहा. मावशीचा शीण असा दुहेरी आहे, आणि त्यात आळसाचा कणही नाही.

बीटाचा लाल रंग बीटालेन या रंगद्रव्याचा असतो, त्याचा रक्ताशी काही संबंध नाही. १०० ग्रॅम बीटात १ मिलिग्रॅमही लोह भरत नाही. उताऱ्याच्या लिंबाचं तर काय सांगावं! तेच लिंबू वरणात पिळलं तर त्यातलं क जीवनसत्त्व डाळीतलं लोह शोषायला मदत तरी करेल. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो लोह अडवतो.

एक सांगायलाच हवं. कुणीही मनाने गोळ्या बंद करू नयेत. कित्येकींना सूज आणि लोहाची कमतरता दोन्ही असतात. फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाची तपासणी साठा दाखवते खरी, पण सुजेत फेरिटिन आपोआप चढतं, म्हणून डॉक्टर ती सीआरपीच्या, म्हणजे सूज दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या, जोडीने वाचतात.

मावशीच्या डॉक्टरांनी सांध्यांच्या सुजेवरचं औषध वाढवलं. सूज उतरली तसं हिमोग्लोबिन अकराच्या जवळ आलं. लोहाची गोळी होती तीच होती. आमवातात इंटरल्युकिन-६ पहाटे चढतं, म्हणून आखडही सकाळीच जास्त असते. हे कळल्यावर घरात कामांची फिरवाफिरव झाली. पाणी आता लेक भरतो. भाकरी दहा वाजता, बोटं मोकळी झाल्यावर, ओट्यापाशी स्टुलावर बसून. चार भाकरी थापल्या की मावशी परात बाजूला सारते, थोडा वेळ टेकते, आणि उरलेल्या दोन मग करते. त्या टेकण्याला आता घरात कुणी कंटाळा म्हणत नाही.