रजोनिवृत्तीतील संप्रेरक उपचार

पाळी कायमची थांबण्याच्या सुमारास अंगातून निघणाऱ्या गरम वाफा आणि रात्री फुटणारा घाम कमी करण्यासाठी स्त्रीला बाहेरून इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हॉर्मोन) देण्याची उपचारपद्धती. गर्भाशय शाबूत असेल, तर त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरे स्त्री-संप्रेरक किंवा तसेच काम करणारे औषध द्यावे लागते. या दोन त्रासांवर आजवर सापडलेल्या उपायांत हा सर्वांत गुणकारी आहे. तरीही २००२ नंतर त्याच्याभोवती इतकी भीती साचली, की ज्यांना तो सहज देता आला असता अशा असंख्य स्त्रिया त्याच्यापासून दूर राहिल्या.

सलग १२ महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत हे ४५ ते ५५ या वयात घडते. वाफा मात्र त्याआधीच, पाळी अनियमित होऊ लागल्यापासून सुरू होऊ शकतात आणि सुमारे तीन चतुर्थांश स्त्रियांना त्या कमीअधिक प्रमाणात येतात. वाफ बहुधा छातीपाशी उठते आणि मानेवरून चेहऱ्यावर चढते. कानशिले तापतात, धडधडते आणि दरदरून घाम फुटतो. एक ते पाच मिनिटांत सगळे ओसरते आणि ओल्या अंगाला हुडहुडी भरते. झोपेत हेच घडले, की पांघरूण भिरकावायचे, भिजलेले कपडे बदलायचे, उशीची कोरडी बाजू वर करायची आणि थोड्या वेळाने तेच पांघरूण पुन्हा ओढून घ्यायचे. एका रात्रीत असे तीन-चारदा झाले, तर दुसऱ्या दिवशीची चिडचिड आणि विसराळूपणा यांचे कारण वेगळे शोधावे लागत नाही. ‘वयाचे आहे, होईल कमी’ असे सांगून बाईला परत पाठवणे म्हणूनच अन्यायाचे आहे. अमेरिकेतील एका प्रदीर्घ पाहणीत, ज्यांना वाफा वारंवार येत होत्या अशा स्त्रियांपैकी निम्म्या जणींचा त्रास ७.४ वर्षांहून अधिक काळ टिकला होता.

या वाफांचे मूळ मेंदूत आहे. शरीराचे तापमान राखणाऱ्या अधश्चेतकात, म्हणजे हायपोथॅलॅमसमध्ये, काही चेतापेशींवर एरवी इस्ट्रोजेनचा लगाम असतो. इस्ट्रोजेन घटले, की या पेशी भडकतात आणि ‘न्यूरोकायनिन बी’ या रसायनाद्वारे तापमानकेंद्राला सतत डिवचू लागतात. मग शरीराला सहज चालणाऱ्या तापमानाचा पट्टा अरुंद होतो. एरवी जाणवलीही नसती एवढी उष्णता वाढली तरी मेंदू ती धोक्याची समजतो, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतो आणि घाम सोडतो. इस्ट्रोजेन परत दिले, की लगाम पुन्हा बसतो. बरे वाटू लागायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, तर पूर्ण परिणाम कळायला तीन महिने द्यावे लागतात. नियंत्रित चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात, औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या तुलनेत वाफांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटलेली आढळली.

गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेल्या संयुग्मित इस्ट्रोजेनच्या, म्हणजे अनेक इस्ट्रोजेनांच्या मिश्रणाच्या, गोळीला अमेरिकेत १९४२ मध्ये मान्यता मिळाली आणि पुढे तिचा वापर अफाट वाढला. १९७५ मध्ये धक्का बसला. नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, असे दिसून आले. इस्ट्रोजेनने हे अस्तर जाड होत जाते आणि प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला आळा घालते. जोडीने औषध देण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली. ज्यांचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढले आहे त्यांना एकटे इस्ट्रोजेन पुरते.

दुसरा धक्का जुलै २००२ चा. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी चाचणीतील १६,६०८ स्त्रियांचा, दोन्ही संप्रेरके एकत्र दिलेला भाग ठरलेल्या मुदतीआधीच थांबवण्यात आला. स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला, ही बातमी जगभर गेली. प्रत्यक्ष आकडे असे होते : खोटी गोळी घेणाऱ्या दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला ३०, तर उपचार घेणाऱ्यांत ३८. आठ जणी अधिक, ही वाढ खरी आहे आणि ती लपवू नये. पण ‘२६ टक्के’ ऐकून मनात जे चित्र उभे राहते ते याहून फार भयंकर असते. शिवाय चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. संप्रेरकांनी दीर्घकालीन आजार, विशेषतः हृदयविकार, टळतो का हे तिला तपासायचे होते. पन्नाशीतल्या बाईच्या वाफा थांबतात का, हा तिचा प्रश्नच नव्हता. साठी-सत्तरीतल्यांचा धोका पन्नाशीतल्यांना जसाच्या तसा लावला गेला, ही त्या काळातली मोठी चूक होती. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन दिले त्या भागात स्तनाचा कर्करोग वाढला नाही, उलट पुढील वर्षांत तो कमी आढळला. पक्षाघात मात्र तेथेही वाढला होता.

या माहितीची फेरमांडणी वयानुसार झाल्यावर आजचा संकेत ठरला : वय ६० च्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षे झालेली नसताना, वाफांचा त्रास खरोखर जाचत असेल आणि मनाई करणारे कारण नसेल, तर फायदा धोक्याहून बहुधा अधिक असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांविषयीचे, या औषधांच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत छापले जाणारे इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला. गर्भाशय असताना नुसते इस्ट्रोजेन देण्याविषयीचा इशारा तेवढा ठेवला.

इस्ट्रोजेन गोळीतून देता येते, तसेच पोटावर किंवा नितंबावर लावायच्या पॅचमधून, जेलमधून किंवा फवाऱ्यातूनही. हा फरक केवळ सोयीचा नाही. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तेथे रक्त गोठवणाऱ्या घटकांची निर्मिती वाढवते, म्हणून शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्वचेतून शिरणारे इस्ट्रोजेन हा पहिला फेरा टाळते. लठ्ठपणा असलेल्यांना किंवा गुठळीचा धोका थोडा अधिक असलेल्यांना पॅच सुचवतात तो यासाठी. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा बदलायचा हा पातळ तुकडा दर वेळी थोडी जागा बदलून चिकटवतात. पॅचची नेहमीची मात्रा दिवसाला २५ ते ५० मायक्रोग्रॅम इस्ट्रॅडायॉल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) सोडणारी असते. सूक्ष्मकणी, म्हणजे अतिशय बारीक कणांच्या रूपातले, प्रोजेस्टेरॉन रोज १०० मिलिग्रॅम, नाहीतर महिन्यातले १२ ते १४ दिवस २०० मिलिग्रॅम असे देतात. त्याने गुंगी येत असल्यामुळे ते झोपताना घ्यायचे. योनीत वापरायचे अल्पमात्रेतील इस्ट्रोजेन तेथील कोरडेपणावर उत्तम, पण वाफांवर त्याचा उपयोग होत नाही.

स्तनाचा कर्करोग झालेला असणे, कारण न कळलेला योनिमार्गातील रक्तस्राव, पूर्वी झालेला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात, शिरांतील गुठळी आणि यकृताचा सक्रिय आजार असल्यास हा उपचार सहसा देत नाहीत. उलट चाळिशीच्या आतच पाळी गेली किंवा दोन्ही अंडाशय काढले, तर अशा स्त्रीला नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके द्यावीत असाच सल्ला असतो. तिला ते न देणे हाडांच्या आणि हृदयाच्या दृष्टीने अधिक जोखमीचे ठरू शकते.

ज्यांना इस्ट्रोजेन चालत नाही त्यांच्यासाठी कमी मात्रेतील पॅरॉक्सेटिन व व्हेनलाफॅक्सिन ही एरवी नैराश्यावर दिली जाणारी औषधे, तसेच फेफऱ्यावरचे गॅबापेंटिन असे पर्याय आहेत. स्तनाच्या कर्करोगावरचे टॅमॉक्सिफेन हे औषध चालू असलेल्या स्त्रीला पॅरॉक्सेटिन देत नाहीत, कारण त्याने टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटतो. न्यूरोकायनिन बीचा संदेशच अडवणाऱ्या फेझोलिनेटंट या औषधाला अमेरिकेत मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यात संप्रेरक नाही, पण यकृताच्या तपासण्या वेळोवेळी कराव्या लागतात.

उपचार सुरू करण्याआधी रक्तदाब आणि घरातील आजारांची माहिती घेतात, वयानुसार लागणारी स्तनांची तपासणी झाली आहे का तेही पाहतात. वाफांचे निदान लक्षणांवरूनच होते, त्यासाठी संप्रेरकांची पातळी मोजत बसण्याची बहुधा गरज नसते. पाळी अधूनमधून येत असलेल्या स्त्रीने हा उपचार गर्भनिरोधक नाही हे लक्षात ठेवावे लागते. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर उपचार चालू असला तरी तपासणी करून घ्यावी लागते. उपचार किती वर्षे घ्यायचा याची सर्वांना लागू पडणारी मुदत नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांसोबत आढावा घेतात. औषध सोडल्यावर जवळपास निम्म्या स्त्रियांच्या वाफा परत येतात, मग ते एकदम सोडलेले असो वा हळूहळू. अशा वेळी काही काळ वाट पाहून, त्रास टिकलाच तर कमी मात्रेत पुन्हा सुरू करता येते.