पोटातला कॅन्सर किती पसरलाय : सीटी स्कॅन आणि डिफ्युजन एमआरआय

“सीटी झालाय ना, मग आता एमआरआय कशाला?” पोटातल्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी हा प्रश्न हमखास निघतो. दोन्हींत पेशंट आडवा होऊन मशीनमध्ये सरकतो, दोन्हींतून काळी-पांढरी चित्रं निघतात. त्यामुळे एमआरआय म्हणजे मोठा सीटीच, असा समज होतो. पण दोघं बघतात त्या गोष्टीच वेगळ्या.

सीटी क्ष-किरणांनी घनता पाहतो. काही सेकंदांत छातीपासून जांघेपर्यंत सगळं टिपतो, म्हणून सुरुवात त्यानंच होते आणि ते योग्यच आहे. तो कमी पडतो पोटाच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे पेरिटोनियमवर. अंडाशयाचा, जठराचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर तिथे टाचणीच्या डोक्याएवढे दाणे पेरतो. 5 मिलिमीटरहून लहान दाणा आतड्याच्या घडीत असला, तर शेजारच्या आतड्यातून तो वेगळा उठून दिसत नाही, बहुतेक वेळा निसटतो.

डिफ्युजन एमआरआय हा एमआरआयचाच एक प्रकार, तो पाण्याच्या रेणूंची हालचाल पाहतो. पेशी खचाखच भरल्या की पाण्याला हलायला जागा उरत नाही आणि तेवढाच ठिपका चमकतो. सोबतच्या एडीसी नकाशात, म्हणजे पाणी किती मोकळं हलतंय ते मोजून दाखवणाऱ्या चित्रात, तीच जागा काळी दिसते. मात्र चमकलं ते सगळं कॅन्सर नव्हे: प्लीहा, निरोगी लसीकाग्रंथी, साचलेला पू हेही चमकतात. उलट, जेलीसारख्या म्युसिनस गाठीत पाणी मोकळं असतं. ती या परीक्षेत फसवू शकते, आणि पेट स्कॅनमध्येही (त्यात साखर जास्त खेचणाऱ्या पेशी उजळतात). शिवाय अर्धा-पाऊण तास स्थिर पडून राहावं लागतं, आतडी शांत करायला बऱ्याचदा इंजेक्शनही देतात.

हा खटाटोप कशासाठी? पसाऱ्याचा हिशोब पीसीआयनं, म्हणजे ‘पेरिटोनियल कॅन्सर इंडेक्स’ या गुणांकानं मांडतात: पोटाचे 13 भाग, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, जास्तीत जास्त 39. माझ्या मते या बेरजेइतकंच लहान आतड्याकडे बघायला हवं. प्लीहा, गर्भाशय, मोठ्या आतड्याचा बराच भाग काढता येतो. लहान आतडं आणि त्याला रक्त पोचवणारा पडदा, मेझेंटरी, मुळापासून आवळली गेली असेल, तर सर्जनचा हात थांबतो. हे आधी कळलं नाही, तर पोट उघडून तसंच शिवावं लागतं. पेशंटच्या वाट्याला नुसती जखम येते, आणि ती भरेपर्यंत केमो लांबते.

म्हणून रिपोर्टमध्ये लहान आतडं आणि मेझेंटरीबद्दल ओळ आहे का, ते पाहा. नसेल तर डॉक्टरांना विचारा. दोन्ही स्कॅननंतरही शंका राहिली, तर दुर्बिणीतून आत पाहून घेता येतं.