‘सर्वसाधारण रहिवासी’ कोण? मतदार यादीतल्या दोन शब्दांची पार्श्वभूमी

मतदार यादीतून नाव गेले की कारणांच्या रकान्यात बहुधा तीनच शब्द असतात: मयत, दुबार, स्थलांतरित. पहिल्या दोन कारणांचा पुरावा देता येतो. तिसऱ्याचे तसे नाही. ते 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील ‘सर्वसाधारण रहिवासी’ या शब्दांवर उभे आहे, आणि या शब्दांची नेमकी व्याख्या कायद्याने कधीच केलेली नाही.

पहिल्या याद्यांची तयारी 1948 साली सुरू झाली, तेव्हा वर्षभरात किमान 180 दिवस त्या ठिकाणी वास्तव्य हवे, असा निकष होता. फाळणीतून आलेली निर्वासित कुटुंबे तो पूर्ण करूच शकत नव्हती. त्यांच्यासाठी वाट काढली गेली: इथेच कायम राहण्याचा इरादा आहे, एवढे निवेदन पुरेसे धरले. नियमात माणूस बसत नसेल तर नियमाला मुरड घालायची, ही दृष्टी तेव्हा होती. त्याच याद्यांतून सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे मात्र गळाली, कारण ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ यापलीकडे स्वतःचे नाव त्यांच्या नोंदीत नव्हते.

आजच्या कायद्यात दिवसांचा आकडा नाही. ‘सहा महिने राहिल्याशिवाय नाव लागत नाही’ हे कार्यालयांच्या दारात ऐकू येते, पण कलम 19 किंवा 20 मध्ये असे काही सापडत नाही. कलम 20 सांगते ते इतकेच: गावात मालकीचे घर आहे एवढ्यावरून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला एवढ्यावरून त्याचे रहिवासीपण संपतही नाही. ‘तात्पुरता’ म्हणजे किती, हे प्रत्येक प्रकरणात नोंदणी अधिकाऱ्याने ठरवायचे. 1999 मध्ये एका उच्च न्यायालयाने नेहमीचे, स्थिर स्वरूपाचे वास्तव्य असा अर्थ लावला. प्रकरण एका राज्यसभा सदस्याच्या पत्त्याचे होते. पुढे 2003 मध्ये राज्यसभेच्या उमेदवाराला त्याच राज्याचा मतदार असण्याची अटच काढून टाकण्यात आली. मतदारासाठीची वास्तव्याची अट तशीच राहिली.

काही जणांच्या गैरहजेरीची काळजी कायद्याने स्वतःहून घेतली आहे. सैनिक आणि परदेशी नेमणुकीवरील सरकारी कर्मचारी यांना मूळ गावचे रहिवासी मानले जाते. खासदार-आमदार कामानिमित्त मतदारसंघाबाहेर राहिले तरी त्यांचे रहिवासीपण जात नाही. 2010 च्या दुरुस्तीने परदेशस्थ भारतीयांना पारपत्रावरील गावच्या पत्त्यावर नोंदणी मिळाली. मत द्यायला मात्र मूळ पारपत्र घेऊन प्रत्यक्ष यावे लागते. पोटासाठी दरवर्षी घर सोडणाऱ्या मजुराचे नाव घेऊन असे एकही कलम लिहिले गेलेले नाही. त्याला ‘तात्पुरता बाहेर’ या एका वाक्याचाच काय तो आधार.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मतदार यादीच्या वार्षिक पुनरीक्षणाचे वेळापत्रकही नेमके याच काळात असते: ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात प्रारूप यादी, सुमारे महिनाभर हरकती, जानेवारीत अंतिम यादी. बीएलओ (घरोघरी जाऊन यादी पडताळणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) वस्तीवर पोचतो तेव्हा दाराला कुलूप. शेजारी म्हणतात, ‘कारखान्यावर गेले.’ एवढ्यावर ‘स्थलांतरित’ असा पंचनामा झाला, तर तो कलम 20 च्या सरळ विरुद्ध आहे.

नाव वगळण्याआधी त्या व्यक्तीला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी, असे कलम 22 सांगते. पण नाव वगळण्यासाठीच्या सात नंबरच्या फॉर्मवरची नोटीस जाते ती यादीतल्याच पत्त्यावर, म्हणजे ज्या घरी कोणी नाही म्हणून शंका आली त्याच घरी. नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध पहिले अपील 15 दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे करायचे, दुसरे 30 दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे. फडात कोपीत राहणाऱ्याला आदेश निघाल्याचेच कळत नाही. परत येऊन नवीन नोंदणीचा सहा नंबरचा फॉर्म भरता येतो, पण उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत भर पडत नाही आणि अर्जावर हरकतीसाठी सात दिवस ठेवावे लागतात. म्हणून त्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी अर्ज पोचला पाहिजे. ओळखपत्र खिशात असून यादीत नाव नसेल तर केंद्रावर काहीही करता येत नाही. एप्रिल 2014 मध्ये पुण्यात आणि मुंबईत असंख्य मतदारांनी हेच अनुभवले.

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. मतदान केंद्राध्यक्षाकडे गैरहजर, स्थलांतरित व मयत मतदारांची वेगळी ‘एएसडी’ यादी असते. त्यात नाव असणे म्हणजे मतदार यादीतून वगळले जाणे नव्हे. ओळख काटेकोर तपासून, सहीबरोबर अंगठा घेऊन अशा मतदाराला मत देऊ द्यायचे असते. हे माहीत नसल्याने मतदार दारातून परत जातो.

‘दुबार’चे कोडेही याच शब्दांतून येते. 2022 पर्यंत मतदारसंघ बदलणाऱ्याने नव्या ठिकाणी सहा नंबरचाच फॉर्म भरायचा आणि जुने नाव कमी करण्याची कळवाकळवी दोन कार्यालयांनी आपसांत करायची, अशी पद्धत होती. ती अनेकदा अर्धीच व्हायची. आता पत्ताबदल आठ नंबरच्या फॉर्मवर होतो, पण जुन्या जोडनोंदी उरल्याच. महाराष्ट्रातील ताज्या स्थानिक निवडणुकांत संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे लागले आणि एकाच ठिकाणी मत देण्याची हमी मतदारांकडून घेतली गेली. कार्यालयांच्या अर्धवट कामाचा खुलासा मतदाराने करायचा, हे अन्यायाचे आहे.

मतदाराला गावी न जाता मत देता यावे म्हणून 72 मतदारसंघ हाताळणारे दूरस्थ मतदान यंत्र डिसेंबर 2022 मध्ये जाहीर झाले. जानेवारी 2023 च्या प्रात्यक्षिकाआधीच अनेक पक्षांनी आक्षेप घेतले आणि ते तिथेच थांबले. त्यानंतर जून 2025 मध्ये बिहारमध्ये मतदार यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे प्रत्येक मतदाराकडून नव्याने अर्ज घेऊन यादीची तपासणी, सुरू झाले. 7.89 कोटी मतदारांचे गणना अर्ज महिनाभरात गोळा करायचे होते. 1 ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे 65 लाख नावे नव्हती: मयत सुमारे 22 लाख, दुबार 7 लाख आणि 36 लाख ‘कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले’. गाव सोडून गेलेला आणि त्या महिन्यात घरी न भेटलेला, दोघे एकाच रकान्यात मोजले गेले. वगळलेल्या प्रत्येक नावाची यादी कारणासह प्रसिद्ध करा, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 14 ऑगस्टला द्यावा लागला. ऑक्टोबरअखेर हीच मोहीम गोव्यासह आणखी 12 राज्ये व केंद्रशासित प्रदेशांसाठी जाहीर झाली.