पोर्टाडाउन पूल हत्याकांड (१६४१)

उत्तर आयर्लंडमधील पोर्टाडाउन येथे नोव्हेंबर १६४१ मध्ये सुमारे १०० प्रोटेस्टंट वसाहतकऱ्यांना पुलावरून बॅन नदीत ढकलून मारण्यात आले, ती घटना. १६४१ च्या आयरिश उठावातील ही सर्वांत कुप्रसिद्ध कत्तल.

आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातले गेलिक (मूळ आयरिश) सरदार १६०७ मध्ये देश सोडून गेले. त्यांच्या जमिनी इंग्लंडच्या राजाने जप्त केल्या आणि १६०९ पासून तिथे इंग्लिश व स्कॉटिश कुटुंबे वसवली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर मूळचे कॅथलिक लोक कुळे बनून राहिले. ज्या आयरिश जमीनदारांच्या जमिनी वाचल्या, त्यांपैकी अनेक जण कर्जात बुडाले. उठावाचा म्होरक्या सर फेलिम ओनील हाही त्यांतलाच. लागोपाठ नापिकी झाली होती आणि लंडनची प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंटांची) संसद कॅथलिक धर्मच बुडवणार, अशी धास्ती पसरली होती. २२ ऑक्टोबर १६४१ च्या संध्याकाळी ओनील पाहुणा म्हणून चार्लमाँट किल्ल्यात गेला आणि त्याने किल्ला ताब्यात घेतला. डब्लिनचा किल्ला घेण्याचा कट मात्र आधीच फुटला.

पुढाऱ्यांनी उठाव राजाच्या नावाने पुकारला होता. सरसकट कत्तल हा त्यांचा बेत नव्हता. पण गावोगावचा राग त्यांच्या हाताबाहेर गेला. आधी गुरे, धान्य आणि कर्जाचे कागद गेले, मग अंगावरचे कपडे. लोकांना उघडे करून घराबाहेर काढण्यात लूट होती तशी विटंबनाही होती. त्या वर्षी हिवाळा कडक होता आणि तलवारीपेक्षा थंडी, उपासमार व रोगराईनेच अधिक माणसे मेली, असे आता बहुतेक इतिहासकार मानतात.

पोर्टाडाउनजवळच्या लॉगॉल येथे बंडखोरांनी कोंडलेल्या प्रोटेस्टंट कैद्यांना ‘इंग्लंडला पाठवतो’ असे सांगून पोर्टाडाउनकडे हाकत नेले. पुलापाशी त्यांचे कपडे उतरवले आणि भाल्यांच्या टोकाने त्यांना नदीत लोटले. पोहून काठ गाठू पाहणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. विल्यम क्लार्क हा कैदी पैसे देऊन सुटला. बुडालेल्यांचा आकडा त्याने सुमारे १०० सांगितला. एलिझाबेथ प्राइस या बाईने ११५ सांगितला, आणि त्यांत तिची स्वतःची पाच मुले होती. तिच्या जबानीत आणखी एक गोष्ट आहे: संध्याकाळी नदीतून कमरेपर्यंत वर आलेली एक बाई ‘सूड, सूड, सूड’ असे ओरडताना तिने पाहिली. या भुतामुळे तिची सगळी जबानीच खोटी ठरवणे अन्यायाचे होईल. पाच मुले गमावलेल्या आईला त्या पाण्यात काय दिसले असेल, हे समजायला इतिहासकार असावे लागत नाही.

डब्लिन सरकारने डिसेंबर १६४१ पासून धर्मोपदेशकांच्या मंडळाकडून अशा जबान्या नोंदवून घेतल्या. मात्र छापील पुस्तकांत आकडे भलतेच फुगले. उठावाचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन टेंपलने १६४६ मध्ये तीन लाख बळी सांगितले. अल्स्टरमध्ये तेवढे वसाहतकरी मुळात नव्हतेच. आजच्या अंदाजांनुसार सुमारे ४,००० जणांची हत्या झाली आणि आणखी हजारो जण हालअपेष्टांनी मेले. फुगवलेल्या आकड्याने मेलेल्यांना न्याय मिळाला नाही, पुढच्या कत्तलींना निमित्त मात्र मिळाले. अल्स्टरमधील आयलंडमॅगी आणि न्यूरी येथे १६४२ मध्ये कॅथलिकांना मारले गेले; त्यांचा पोर्टाडाउनशी काही संबंध नव्हता. १६४९ मध्ये आयर्लंडमधील द्रोहेडा येथे आपल्या सैन्याने केलेल्या कत्तलीनंतर इंग्लिश सेनानी क्रॉमवेलने हा निरपराधांच्या रक्ताबद्दलचा ईश्वरी न्याय असल्याचे लिहिले. पुढे कॅथलिकांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर जप्त झाल्या. ओनीलला १६५३ मध्ये फाशी दिली.

पोर्टाडाउन हे ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेचे जुने ठाणे असून तिच्या मिरवणुकींतील निशाणांवर हा पूल आणि बुडणारी माणसे रंगवलेली दिसतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जपलेल्या सुमारे ८,००० जबान्या २०१० मध्ये इंटरनेटवर खुल्या झाल्या. त्यांतल्या कितीतरी जबान्यांत खुनाचा उल्लेखही नाही. गेलेल्या गाई, घोडे, गवताच्या गंजी, भांडीकुंडी आणि प्रत्येकाची किंमत, एवढेच लिहिलेले आहे.