स्वतःच्या पायांनी गेलेले

अमेरिकेत ठरावीक देशांच्या परकीय पुरुषांवर सरकारी नोंदणीची सक्ती झाली होती, आणि यादीतल्या पहिल्या काही देशांसाठी १६ डिसेंबर २००२ ही शेवटची तारीख होती. लॉस एंजलिस आणि आसपासच्या गावांतले इराणी, सीरियन, सुदानी पुरुष इमिग्रेशनच्या कचेरीत स्वतःच्या पायांनी गेले आणि त्यांतले शेकडो जण त्या रात्री घरी आलेच नाहीत. बहुतेक इराणी. १९७९ च्या क्रांतीनंतर आयातुल्लांच्या राजवटीपासून पळून इथे स्थिरावलेल्या समाजातले. काहींचा व्हिसा संपलेला होता. काहींचा ग्रीन कार्डाचा अर्ज मात्र त्यांना अटक करणाऱ्या खात्याकडेच पडून होता.

या योजनेचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक तिला नुसतं ‘स्पेशल रजिस्ट्रेशन’ म्हणत. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर नऊ महिन्यांनी, जून २००२ मध्ये, न्याय खातं सांभाळणारे ॲटर्नी जनरल जॉन ॲशक्रॉफ्ट यांनी ती जाहीर केली. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या, १६ वर्षांवरच्या पुरुषांनी हजर व्हायचं. यादी वाढत वाढत २५ देशांवर गेली. उत्तर कोरिया सोडला तर जवळपास सगळे मुस्लिमबहुल. आत गेलं की बोटांचे ठसे, फोटो, शपथेवर जबाब. पुढे देश सोडायचा तर ठरवून दिलेल्या विमानतळांवरूनच, तोही बाहेर पडताना नोंद करून. ही सगळी माहिती सरकारी राजपत्रात छापली होती. राजपत्र कोण वाचतं?

भारत यादीत नव्हता, म्हणून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या आपल्या इंजिनिअर मंडळींना झळ लागली नाही. पण रस्त्यावरचा माणूस यादी बघून द्वेष करत नाही. हल्ल्यांनंतर चारच दिवसांत ॲरिझोनातल्या मेसा इथे बलबीरसिंग सोढी हे शीख गृहस्थ पगडीमुळे मुसलमान समजून मारले गेले. त्यानंतर दोन दिवसांनी राष्ट्राध्यक्ष बुश वॉशिंग्टनच्या मशिदीत गेले आणि इस्लाम म्हणजे शांतता, असं म्हणाले. ते मनापासूनच म्हणाले असतील, पण ठसे घेणारं खातं त्यांच्याच सरकारचं होतं.

यात नवीन असं थोडंच होतं. १९४० च्या कायद्याने परकीयांच्या ठशांची सक्ती आणली, पण ती सगळ्याच परकीयांना. दोन वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात, जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबलं, त्यांतले बहुतेक अमेरिकन नागरिक. नोव्हेंबर १९७९ मध्ये, तेहरानमध्ये अमेरिकन ओलीस असताना, कार्टर सरकारने फक्त इराणी विद्यार्थ्यांना हजेरीला बोलावलं आणि अपील कोर्टाने ते मान्य केलं. २००२ ची वाट तिथेच मोकळी झाली होती.

८३,००० हून अधिक लोकांनी देशांतर्गत नोंदणी केली. १३,००० हून अधिक जणांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. या नोंदणीतून दहशतवादाचा एकही गुन्हा शाबित झाल्याचं सरकारला दाखवता आलं नाही. आणि हे आधीच कळायला हवं होतं: ज्याच्या मनात घातपात आहे तो कचेरीच्या रांगेत उभा राहत नाही. रांगेत राहतो तो कायद्यावर विश्वास असलेला माणूस. ब्रुकलिनमधल्या कोनी आयलंड ॲव्हेन्यूवर, ‘लिटल पाकिस्तान’ म्हणतात त्या वस्तीत, दुकानं ओस पडली. जानेवारी २००३ च्या थंडीत पाकिस्तानी कुटुंबं मुलाबाळांसह कॅनडाच्या सीमेवर आश्रय मागत थांबली होती.

२०११ मध्ये यादीतले देश काढून टाकले, पण नियम कागदावर जिवंत ठेवला. ओबामा सरकारने तो पुसला डिसेंबर २०१६ मध्ये, जाता जाता. पुढच्याच महिन्यात, २७ जानेवारी २०१७ रोजी, ट्रम्प यांनी सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदीचा आदेश काढला. त्या बंदीचं तिसरं रूप जून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरलं. जपानी वंशाच्या लोकांना घराबाहेर काढणं वैध ठरवणारा १९४४ चा कोरेमात्सु निकाल मुळातच चुकीचा होता, हेही सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्याच निकालपत्रात लिहिलं.