कट्टीनंतरची परतीची वाट

"तिला सांग, माझी पट्टी परत दे."

बाकाच्या एका टोकाला बसलेली मुलगी फळ्याकडे बघत हे म्हणते. मधली मैत्रीण निमूटपणे निरोप पोचवते. दुसऱ्या टोकाकडून उत्तर येतं, "तिला सांग, तिनेच दिली होती." दोघींना एकमेकींचं सगळं ऐकू येत असतं, तरीही निरोप्या लागतो, कारण सकाळपासून कट्टी आहे.

मोठ्यांना हा पोरखेळ वाटतो. पण नीट पाहिलं तर कट्टी ही फार हुशारीने बांधलेली रीत आहे. ती जाहीर केली जाते, त्यामुळे समोरच्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही. तिला ठरलेली खूण असते: कुठे करंगळी पुढे करतात, कुठे अंगठ्याचं नख वरच्या दाताला लावून झटकतात, कुठे नुसतं 'गट्टी फू' पुरतं. आणि तिला जोडीचा उलट शब्द असतो: बट्टी, किंवा दो. म्हणजे दार बंद करतानाच ते कसं उघडायचं हेही ठरलेलं असतं. रशियातली मुलं भांडण मिटवताना करंगळीत करंगळी अडकवून हात वरखाली हलवतात आणि 'आता भांडायचं नाही' अशा अर्थाचं ठरलेलं कवन म्हणतात. ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांतही करंगळ्यांची अशीच रीत आहे. पट्टीचा निरोप म्हणजे परतीच्या वाटेवरचं पहिलं पाऊल. पट्टी नकोच असते बहुतेकदा.

मुलांची भांडणं मोजायला सुरुवात झाली त्याला आता नव्वदहून जास्त वर्षं झाली. हेलन डॉव या अमेरिकन संशोधिकेने बालवाडीतल्या मुलांची २०० भांडणं बघून, घड्याळ लावून नोंदवली आणि १९३४ मध्ये त्यांचं विश्लेषण छापलं. एक भांडण सरासरी २३ सेकंद चाललं होतं. सगळ्यात लहान मुलांची भांडणं मुख्यतः वस्तूंवरून होती आणि बहुतेक मुलं भांडण संपताच काही झालंच नाही अशी पुन्हा खेळायला लागत होती. इतक्या वेळात मोठं माणूस खुर्चीतून उठून तिथे पोचतही नाही. म्हणूनच बालवाडीच्या वयात धावत जाऊन निवाडा करण्याची घाई सहसा अनाठायी ठरते. मारामारी किंवा चावाचावी असेल तर अर्थात लगेच हात घालावा.

भांडणानंतर काय होतं, हा प्रश्न मात्र विज्ञानाने बराच उशिरा विचारला, आणि तोही आधी वानर-माकडांच्या बाबतीत. नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयात चिंपांझींची मोठी वसाहत आहे. तिथे प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक फ्रान्स द वाल यांना दिसलं की भांडलेले दोन चिंपांझी थोड्याच वेळात एकमेकांजवळ येतात, हात पुढे करतात, मुकेही घेतात. १९७९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने हे निरीक्षण प्रसिद्ध केलं आणि त्याला 'समेट' हाच शब्द वापरला. तोवर समज असा होता की भांडण झालं की प्राणी एकमेकांना टाळतात. नंतर मोजमापाची पद्धतही पक्की झाली. भांडणानंतर ठरावीक मिनिटं त्या दोघांवर लक्ष ठेवायचं. मग दुसऱ्या दिवशी, भांडण नसताना, तेवढीच मिनिटं त्याच दोघांवर लक्ष ठेवायचं. भांडणाच्या दिवशी ते जास्त लवकर जवळ आले, तर तो योगायोग म्हणता येत नाही. हीच पद्धत पुढे स्वीडन, जपान, रशिया, अमेरिका इथल्या बालवाड्यांमध्ये वापरली गेली. मुलंही भांडणानंतर पहिल्या काही मिनिटांतच परतीचे प्रयत्न करतात, असं दिसलं. हे प्रयत्न बहुतेक वेळा बिनशब्दांचे असतात: खेळायला बोलावणं, खेळणं पुढे सरकवणं, मुद्दाम वेडावाकडा चेहरा करून हसवणं, खांद्याला हात लावणं. 'चुकलं माझं' हे त्यांतल्या अनेक वाटांपैकी फक्त एक.

समेट कोणाशी होतो, याचं सगळ्यात सुंदर उत्तर एका साध्या प्रयोगात आहे. मरिना कॉर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने लांब शेपटीच्या मकाक माकडांच्या जोड्या घेतल्या. काही जोड्यांना असं शिकवलं की दोघांनी एकत्र येऊन बसलं तरच पॉपकॉर्न मिळतो, एकट्याला मिळत नाही. मग त्यांच्यात छोटंसं भांडण होऊ दिलं. एकमेकांची गरज पडायला लागल्यावर या जोड्यांचं समेटाचं प्रमाण सुमारे तिपटीने वाढलं. हे १९९३ मधलं काम. नातं जितकं मोलाचं, तितकी ते दुरुस्त करण्याची ओढ जास्त.

मुलांच्या बाबतीत याला एक पीळ आहे. विलर्ड हार्टप आणि सहकाऱ्यांनी आधी बालवाडीतल्या मोकळ्या खेळात पाहिलं: मित्रांमधली भांडणं मैत्री नसलेल्या मुलांच्या भांडणांपेक्षा सौम्य होती, दोघं थोडे बाजूला होत आणि तरी जवळपासच रेंगाळत. पुढे त्यांनी नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या जोड्यांना एक पटावरचा खेळ शिकवला, पण दोघांना वेगवेगळे नियम सांगितले आणि ही गोष्ट दोघांनाही कळू दिली नाही. वाद होणारच होता. इथे मित्रांच्या जोड्या मैत्री नसलेल्या जोड्यांपेक्षा जास्त आणि जास्त वेळ भांडल्या! फरक जागेचा होता. मैदानात बाजूला होता येतं. एका टेबलाशी समोरासमोर बसवलं की उठून जायची सोय नसते, आणि मित्राशी वाद घातला तरी तो पळून जाणार नाही याची खात्री असते. घरी दोन भांडलेल्या मैत्रिणींना एका खोलीत बसवून "आता मिटवल्याशिवाय बाहेर यायचं नाही" असं म्हणण्याची पद्धत आहे. तिचा उलटाच परिणाम का होतो, ते यावरून कळेल.

मैत्री कशी आहे हे मोजण्यासाठी पार्कर आणि ॲशर यांनी १९९३ मध्ये तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी एक प्रश्नावली तयार केली. तिचे सहा भाग आहेत: आधार आणि काळजी, मदत, सोबत, मनातलं सांगणं, भांडण व विश्वासघात, आणि भांडण मिटवणं. शेवटचे दोन भाग वेगळे ठेवले आहेत याकडे लक्ष द्या. वारंवार भांडणाऱ्या दोघी मिटवण्यात पटाईत असू शकतात, आणि क्वचित भांडणाऱ्या दोघांना एकदा भांडल्यावर परतच येता येत नाही, असंही होतं. काळजी करायची असेल तर ती दुसऱ्या जोडीची करावी.

वयाप्रमाणे भांडणाचं कारण बदलतं आणि तसा उपायही. चार वर्षांच्या मुलासाठी मित्र म्हणजे आत्ता ज्याच्याबरोबर खेळतोय तो. भांडण ट्रकचं असतं आणि ट्रकपाशीच संपतं. साधारण आठव्या-नवव्या वर्षापासून भांडण शब्द मोडल्याचं, गुपित फोडल्याचं, तिसरीला जवळ केल्याचं होतं. हार्वर्डचे रॉबर्ट सेल्मन मुलांना एक पेच सांगत असत. दोन जिवलग मैत्रिणी. एकीने दुसरीला भेटायचं कबूल केलंय. तेवढ्यात नुकतीच राहायला आलेली मुलगी तिला त्याच वेळी सर्कशीला बोलावते. काय करावं? लहान मुलं सर्कशीचा विचार करतात. मोठी मुलं, जुन्या मैत्रिणीला काय वाटेल आणि नवी मुलगी एकटी पडेल का, हे दोन्ही तोलू लागतात. मधल्या वयात मात्र मुलाला दुखावलं गेल्याचं पूर्ण कळतं, पण समोरच्याची बाजू अजून निसटत असते. सगळ्यात लांबणाऱ्या कट्ट्या याच वयातल्या, आणि बऱ्याचदा त्यांत तिसरी व्यक्ती असते.

आता 'सॉरी'बद्दल. मोठ्यांचा सगळा भर इथेच असतो, म्हणून जरा थांबून बघू. व्हर्जिनिया विद्यापीठात मारिसा ड्रेल आणि विक्रम जसवाल यांनी सहा-सात वर्षांच्या मुलांना प्लास्टिकच्या पेल्यांचा मनोरा रचायला दिला. मनोरा पुरा होत आला की शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाकडून तो 'चुकून' पडायचा. काही वेळा तो माणूस सॉरी म्हणायचा, काही वेळा काहीच नाही, आणि काही वेळा मनोरा पुन्हा रचायला मदत करायचा. नुसतं सॉरी ऐकलेल्या मुलांना, काहीच न ऐकलेल्या मुलांइतकंच वाईट वाटत राहिलं. पण नंतर स्टिकर वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा सॉरी म्हणणाऱ्याशी ती जास्त मोकळ्या हाताने वागली. मदत मिळालेल्या मुलांना मात्र मुळात बरंही वाटलं. शब्दाने नातं राहतं, जखम भरत नाही. जखम भरायला पेले उचलायला लागतात.

सक्तीच्या माफीचं काय होतं, हेही तपासलं गेलं आहे. क्रेग स्मिथ आणि सहकाऱ्यांनी चार ते नऊ वर्षांच्या मुलांना तीन प्रकारच्या माफीचे प्रसंग सांगितले. आपणहून मागितलेली माफी, आणि मोठ्यांनी आठवण केल्यावर मनापासून मागितलेली माफी, या दोन्ही मुलांना सारख्याच चालल्या. जबरदस्तीने वदवून घेतलेली माफी विशेषतः सात ते नऊ वर्षांच्या मुलांनी कुचकामी ठरवली. म्हणून आठवण जरूर करावी, पण मान धरून वदवू नये.

मग मध्ये पडायचं असेल तर कसं? हिल्डी रॉस यांच्या गटाने आईबापांना भावंडांच्या भांडणात मध्यस्थी करायला शिकवलं. ती पद्धत मैत्रिणींनाही लागू पडते. आधी राग उतरू द्या: पाणी, हात-तोंड धुणं, दोघींना वेगळ्या कोपऱ्यात काहीतरी काम. मग नियम सांगा: एकीचं पुरं झाल्याशिवाय दुसरीने बोलायचं नाही, शिव्या नाहीत. दोघींकडून नेमकं काय झालं ते ऐका आणि दोघींचं जुळतं ते आधी मोठ्याने सांगा ("पट्टी तुटली, हे दोघींनाही मान्य आहे"). त्यानंतर प्रत्येकीला दुसरीला काय वाटलं असेल ते विचारा. शेवटी उपाय त्यांनाच सुचवू द्या, निवडूही द्या. इथेच मोठी माणसं घसरतात. तिसऱ्या पायरीवर कंटाळून ती निकाल देऊन टाकतात. निकाल लागला की एक हरते, आणि हरलेली मैत्रीण परत येत नाही.

दोन ठिकाणी ही वाट अडते. पहिलं म्हणजे हेतूबद्दलचा गैरसमज. केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये दाखवलं की नुकसान मुद्दाम झालं की चुकून, हे स्पष्ट नसतं तेव्हा आक्रमक मुलगे ते मुद्दामच झालं असं धरून चालतात. अशा मुलाला "तू का चिडलास?" विचारून फारसं हाती लागत नाही. "तो हे मुद्दाम करत होता, हे तुला कशावरून वाटलं? आणखी काय कारण असेल?" असं विचारावं आणि किमान दोन कारणं त्याच्याकडूनच काढून घ्यावीत. शिवाय भांडणात त्याला काय हवंय तेही विचारावं. अमांडा रोझ आणि ॲशर यांना चौथी-पाचवीच्या मुलांत दिसलं की ज्यांचा हेतू सूड उगवण्याचा असतो, त्यांना जिवलग मित्र कमी असतात आणि असलेल्या मैत्र्याही कच्च्या असतात.

दुसरी अडचण फोनची. अमृशा वैश यांच्या प्रयोगात पाच वर्षांच्या मुलांनाही, कुणी माफीचा शब्द न उच्चारता नुसता ओशाळलेला दिसला, तरी तो पुरत होता. चेहऱ्यावरचा तो ओशाळेपणा मेसेजमध्ये दिसत नाही. ग्रुपमधून काढून टाकणं किंवा ब्लॉक करणं ही अशी कट्टी आहे जिला बट्टीची खूण नाही आणि निरोप द्यायला मधली मैत्रीणही नाही. समेट प्रत्यक्ष भेटून व्हावा. तेवढ्यासाठी मुलांना एकमेकांच्या घरी पोचवायची तसदी मोठ्यांनी घ्यावी. भेटल्यावर शेजारी-शेजारी बसून करायचं काम द्यावं, जसं आकाशकंदील चिकटवणं किंवा शेंगा सोलणं. डोळ्याला डोळा न भिडवता बोलणं सुरू होतं.

एक सावधगिरी. शाळेतल्या छळाचे अभ्यासक ओल्व्हेउस यांनी छळाची तीन लक्षणं सांगितली: हेतू, पुनरावृत्ती, आणि ताकदीतला फरक. एकच मूल दर वेळी रडत येत असेल, दर वेळी तेच माफी मागत असेल, शाळेच्या वेळेला त्याच्या पोटात दुखत असेल, तर ती कट्टी नव्हे. तिथे दोघांना समोरासमोर बसवून समेट करू नये. वर्गशिक्षकांशी बोलावं आणि मुलाला आधी सुरक्षित करावं.

आणि काही मैत्र्या संपतात. अमेरिकेतल्या एका अभ्यासात सातवीत जुळलेल्या मैत्र्यांपैकी बारावीपर्यंत शंभरात एकच टिकली. मुलाला त्याचं दुःख करू द्यावं, "दुसरी मिळेल" म्हणून ते झाकू नये.

परत येणं शिकता येतं, याचा पुरावाही माकडांनीच दिला. ऱ्हीसस माकडं भांडकुदळ, समेटात कच्ची. द वाल यांनी त्यांची पिल्लं पाच महिने आखूड शेपटीच्या, समेटात तरबेज अशा मकाकांबरोबर ठेवली. ऱ्हीसस पिल्लांचं समेटाचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं, आणि त्यांना वेगळं केल्यावरही ते टिकून राहिलं. माणसाच्या घरात ही संगत आईबापांची असते. मार्क कमिंग्ज यांच्या अभ्यासांत मोठ्यांचं भांडण पाहून अस्वस्थ झालेली मुलं, ते मिटलेलं कळलं की बरीच सावरत होती. रात्री जेवताना मुलासमोर आवाज चढला असेल आणि तो झोपल्यावर तुमचं मिटलं असेल, तर सकाळी दूध देताना त्याला एवढंच सांगा: "काल आम्ही भांडलो ना, ते मिटलं. मी बाबांना आधी हाक मारली."