सिरीज बल्बमागची मुंबईची वीज

जुनी डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवरची) मोटर हातात आली की जाणता मेकॅनिक ती थेट बॅटरीला लावत नाही. वाटेत गाडीचा 21 वॉटचा फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये टाकतो, म्हणजे मोटरीकडे जाणारी वीज आधी बल्बमधून जाते. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर मोटर अडकली आहे किंवा शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंद झाला आणि शाफ्ट फिरला तर मोटर जिवंत आहे. अजिबात पेटला नाही तर आधी कार्बन पाहायचे, म्हणजे फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे ब्रश.

फिरणारं आर्मेचर, म्हणजे शाफ्टवरची तारांची गुंडाळी, स्वतःच पुरवठ्याच्या विरुद्ध व्होल्टेज तयार करतं आणि करंट आटोक्यात ठेवतं. थांबलेल्या मोटरला हा आधार नसतो. तिचा रोध (रेझिस्टन्स) अर्धा ओहम असेल तर 12 व्होल्टला सुरुवातीलाच 24 अँपिअर ओढले जातात.

सुरुवातीच्या जादा करंटचा हाच प्रश्न मुंबईने फार मोठ्या आकारात हाताळला. 7 मे 1907 ला विजेची ट्राम सुरू झाली. ड्रायव्हर हँडल खाचेखाचेने पुढे न्यायचा, दर खाचेला मोटरीपुढचा रोध कमी व्हायचा. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला 1500 व्होल्ट डीसीवर देशातली पहिली विजेची गाडी धावली, तेव्हाही तत्त्व हेच: मोटरी आधी सिरीजमध्ये, वेग आला की पॅरललमध्ये. सिरीज मोटर, म्हणजे जिच्या स्थिर आणि फिरत्या गुंडाळ्यांतून एकच करंट जातो ती, निवडण्याचं कारण भक्कम होतं. भरलेला डबा जागचा हलवायला जो जोर लागतो, तो ती सुरुवातीलाच देते.

त्या काळापर्यंत ब्रशही बदलले होते. तांब्याच्या तारांचे जुने ब्रश ठिणग्या उडवत आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात ती शाफ्टवरची तांब्याच्या पट्ट्यांची कडी) खात. 1880च्या दशकात कार्बन आला आणि रोज धावणारी मोटर व्यवहारात परवडू लागली. माझ्या मते या इतिहासातलं सर्वात मोलाचं पाऊल हेच. आजही मोटर उघडली की नजर आधी कम्युटेटरवर जावी: गुळगुळीत तपकिरी थर चांगला, काळ्या जळक्या पट्ट्या वाईट.

ट्राम 31 मार्च 1964 ला थांबली. 2007 पासून थ्री-फेज एसी, म्हणजे बिनब्रशच्या मोटरींच्या लोकल आल्या, आणि एप्रिल 2016 मध्ये हार्बर मार्गावरचा डीसी पुरवठाही संपला. ब्रशवाली मोटर मात्र वायपरमध्ये, मिक्सरमध्ये, गाडीच्या सेल्फमध्ये (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरीत) टिकून आहे. जुन्या गाड्यांचा सेल्फ सिरीज वाइंडिंगचा असतो; भार नसला की त्याचा वेग बेफाम वाढतो. म्हणून तो व्हाइसमध्ये घट्ट आवळावा आणि बॅटरीवर काही सेकंदच मोकळा फिरवावा.